उर्फ जॉर्ज

आमच्या गावात मला नाव नाही. मी जॉर्जची आई आहे. रिक्षावाले, कोळणी, पोस्टमन, देवळातले गुरव, सगळे मला याच नावाने ओळखतात. अलीकडची पोरं तर सरळ 'जॉर्जआजी' म्हणतात. माझी सून चांगली बी.एस्सी. झालेली बाई, पण इथे ती 'जॉर्जवहिनी'. आणि जॉर्ज म्हणजे माझा मुलगा. साठीला टेकलाय, टक्कल पडलंय, श्रीवर्धनच्या अलीकडे समुद्रकाठी आमची पोफळीची वाडी आहे ती करतो, आणि अर्धा दिवस पाटाच्या चिखलात उभा असतो. त्याला खरं नाव आहे. चांगलं, देवाचं नाव. ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं तरी मी कोणाबद्दल बोलतेय ते गावातल्या कोणाला कळायचं नाही.

हे जॉर्ज नाव त्याला एका मूर्ख मुलीने दिलं. तिची नि माझी जुनी ओळख. मला ती कधी फारशी आवडली नाही, पण आरशात रोज भेटायची, करता काय.

ही मुलगी मूळची रेवदंड्याची. मुंबईला काकांकडे राहून इंटरपर्यंत शिकली. इंग्लंडच्या इतिहासाचं एक जाडं पुस्तक तिने वाचलं होतं, त्यामुळे आपण लंडनला जाऊन आलोय असा तिचा समज होता. चहाला 'टी' म्हणायची. लग्न होऊन या गावात आली तेव्हा सासूबाईंनी पडलेल्या झावळ्या ओढून मागच्या अंगणात टाकायला सांगितल्या, तर हिने हातमोजे मागितले. हातमोजे! सासूबाईंना तो शब्दच माहीत नव्हता. त्यांना वाटलं सुनेला काही दुखणं आहे. त्यांनी शेजारणीला विचारलं, "हिला हातामोजाचं काहीतरी होतं म्हणे, माहेरच्यांनी सांगितलं नव्हतं."

तर अशा या विदुषीला मुलगा झाला. बारशाला नणंदेने रीतीप्रमाणे त्याला पाळण्यात घातलं, कानात 'कुर्र' करून देवाचं नाव सांगितलं, बायकांनी घुगऱ्या खाल्ल्या, संपला विषय. पण हिचा संपला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत उभी राहून हिने जाहीर केलं, "मी याला जॉर्ज म्हणणार."

का, तर पुस्तकात राजांची यादी होती आणि एकापाठोपाठ एक जॉर्जच जॉर्ज. शिवाय आजोबांच्या पेटीत जुना चांदीचा रुपया होता, त्याच्यावर जॉर्जचं मुंडकं. एवढ्या पुराव्यावर हिने ठरवलं की जॉर्ज म्हणजे राजा. राजाचं नाव लावलं की मुलगा सुपाऱ्या सोलत बसणार नाही, मुंबईला पंख्याखाली खुर्चीत बसेल. त्या नावाचा अर्थ काय, कुठून आलं, हे बघायची बुद्धी काही झाली नाही. ज्या मुलीला भाजी घेताना प्रत्येक वांगं उलटून बघायची सवय, तिने नाव मात्र न बघता उचललं.

इंग्रज जाऊन तेव्हा वीसेक वर्षं होत आली होती. सासरे खादी नेसणारे, चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. सूत कातता कातता त्यांनी नातवाचं नवं नाव ऐकलं. चरखा थांबला. म्हणाले, "ज्यांना घालवायला मी तुरुंगात गेलो, त्यांना तू पाळण्यात घालून ठेवलंस."

यावर एखादी शहाणी मुलगी गप्प बसली असती. ही म्हणाली, "मामंजी, नावात काही देश नसतो."

सासऱ्यांनी पुढे मरेपर्यंत नातवाला नावाने हाक मारली नाही. 'अरे' म्हणायचे. नातू 'अरे' म्हटलं की धावत जायचा, कारण घरात तेवढीच एक हाक अशी होती की जिला कोणी हसत नसे.

आमचे हे काही बोलले नाहीत. हे कधीच काही बोलत नसत. मला वाटायचं की माझं त्यांना पटतं. आता कळतं की वाद घालण्याच्या लायकीची मी त्यांना वाटत नव्हते.

नाव गावभर कसं झालं म्हणाल तर माझ्या गळ्याने. मागच्या दारी उभी राहून मी कॉलेजातल्या उच्चाराने हाक मारायचे, ती थेट बंदरापर्यंत जायची. गड्यांनी ते नाव उचललं, मग कोळणींनी, मग शाळेने. हजेरीत देवाचं नाव, पण गुरुजीसुद्धा छडी उगारताना म्हणायचे, "जॉर्ज, हात पुढे कर." शेजाऱ्यांनी कुत्रा आणला त्याचं नाव ठेवलं टॉमी. शेजारीण मुद्दाम कुंपणापाशी येऊन म्हणाली, "बरं झालं हो वहिनी, तुमच्या जॉर्जला सोबत झाली."

आणि माझा राजा? त्याला पंख्याखाली बसायचंच नव्हतं. मुंबईला दोनदा पाठवला, दोनदा परत आला. पोफळी त्याला आवडायची. कुठल्या झाडाला किती पाणी हवं ते त्याला कळायचं, इंग्रजी मात्र कळायची नाही. मागे वादळात सगळी वाडी आडवी झाली. मी पडवीत बसून रडले, आणि हा दुसऱ्या दिवशी खोडं बाजूला ओढायला लागला. उघड्या हातांनी. हातमोजे मागितले नाहीत.

आता खरी गोष्ट सांगते. आमच्या गावाच्या खाडीचा बांध फुटलाय. भरतीचं पाणी आत शिरतं आणि खालच्या वाड्यांच्या विहिरी मचूळ होत चालल्यात. खाऱ्या पाण्यावर पोफळ जगत नाही. पंचायतीत अर्ज करून करून चपला झिजल्या. विद्यमान सरपंच हा रिसॉर्टवाला. त्याला बांधाचं सोयरसुतक नाही. वाड्या सुकल्या तर त्याला जमिनी स्वस्तात मिळतील. त्याच्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. इतकंच सांगते की त्याच्या रिसॉर्टमध्ये प्लास्टिकची पोफळ आहे, आणि तिला दिव्यांची माळ आहे.

तेव्हा माझा मुलगा सरपंचपदाला उभा राहिला. गावाला आनंद झाला. पण त्याने पहिल्याच बैठकीत बजावलं, "फलकावर, पत्रकावर, मतदान यंत्रावर माझं खरं नाव पाहिजे. जॉर्जबिर्ज चालणार नाही."

"अरे पण ओळखणार कोण तुला?" त्याचा एक मित्र म्हणाला.

"माझं तोंड बघून ओळखतील."

"तोंड यंत्रावर नसतं, जॉर्जशेट."

फलक लागला. देवळापाशी उभं राहून लोक वाचू लागले. फोटो ओळखीचा, खाली नाव अनोळखी. एक म्हातारा कोळी बराच वेळ बघून म्हणाला, "जॉर्ज उभा ऱ्हायलाय ते ठीक हाय, पन हा खाली कोन? सूचक हाय का?"

माझी नात पुण्याहून आली होती, बापाचा प्रचार करायला. म्हणजे पडवीत बसून फोनवर करायचा तो प्रचार. मी शेजारी सुपाऱ्या सोलत होते. ती म्हणाली, "आजी, तू हे नाव ठेवलंस तेव्हा अर्थ बघितला होतास?"

"राजाचं नाव. त्यात काय बघायचं?"

"थांब." तिने बोटाने फोन सरकवला. "हे बघ, इंग्रजी नावांचे अर्थ आहेत सगळे. हेन्री म्हणजे घराचा धनी. एडवर्ड म्हणजे धनाचा राखणदार."

"म्हणजे बँकेच्या दारातला बंदूकवाला," मी म्हटलं. "पुढे."

"विल्यम, इच्छाशक्ती आणि शिरस्त्राण."

"हट्टी हेल्मेट."

"फिलिप, घोड्यांवर प्रेम करणारा. हे ग्रीक आहे."

"इकडे किनाऱ्यावर घोडागाडी फिरवणारे पाच-सहा फिलिप आहेत. पर्यटकांना लुटतात."

"चार्ल्स म्हणजे माणूस. गडी."

"नुसता बाप्या? एवढे राजवाडे बांधले नि नाव काय, तर बाप्या!"

"पीटर म्हणजे दगड."

यावर मी सुपारी खाली ठेवली. आपल्याकडे पोराला दगड म्हणतात तेव्हा तो नापास झालेला असतो. आणि थॉमस, ज्याचं लाडाने टॉमी होतं, म्हणजे जुळा, असंही निघालं. म्हणजे शेजाऱ्यांचा टॉमी कोणाचा तरी जुळा होता. दुसरा कुठे होता कोण जाणे.

जॉन, जेम्स, जोसेफ, मायकेल, डॅनियल, ही तर इंग्रजांची नव्हतीच, उसनी आणलेली. ज्यूंची नावं. हे ऐकून मला माहेरचं रेवदंडा आठवलं. आमच्या आळीत शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली होते. ती माणसं फार जुन्या काळापासून या किनाऱ्यावर. त्यांची बायकामंडळी नऊवारी नेसून आमच्या आजीशी खोबऱ्याच्या भावावरून भांडायची, आणि त्यांच्या घराघरांत हीच नावं, मराठी करून, शेवटी 'जी' लावून. सॅम्युअलचा सामाजी. मी लहानपणी त्या सामाजींकडून रोज तेल आणायचे आणि मनात म्हणायचे, शी, काय गावंढळ नाव! तेच नाव पुढे मुंबईत एका गोऱ्या पाद्र्याचं आहे असं कळल्यावर मला ते फार खानदानी वाटलं. सांगितलं ना, ती मुलगी मला आवडत नाही.

"आणि जॉर्ज?" मी विचारलं.

नातीने ओठ चावले, मग तिला हसू आवरेना. "आजी, जॉर्ज म्हणजे माती कसणारा. शेतकरी."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे. समोर वाडीत राजेसाहेब गुडघाभर चिखलात उभे राहून पंपाला शिव्या देत होते. मी इतकी हसले की घरातून सून बाहेर आली. तिला वाटलं मला ठसका लागलाय.

म्हणजे ज्या वाडीतून पोराला बाहेर काढायला म्हणून त्या बयेने सासऱ्यांचा चरखा थांबवला, गावात हसं करून घेतलं, तीच वाडी त्या नावात होती. आणि ते मुकुट घातलेले सगळे जॉर्ज, पिढ्यान्‌पिढ्या, शेतकरी! एकाने तरी नांगर धरला असेल का? हातमोजे घालून कदाचित.

दोनच दिवसांनी मुलगा तालुक्याहून परत आला तो चेहरा पाडून. चप्पल न काढता पडवीत बसला.

"रिसॉर्टवाल्याने अजून एक उमेदवार उभा केलाय," तो म्हणाला. "माझंच नाव. माझंच आडनाव."

गावात आमच्या आडनावाची अर्धी घरं, आणि ते देवाचं नाव तर दर तिसऱ्या घरात. त्यातला एक रिक्षावाला शोधून काढला होता. बापडा गरीब माणूस. त्याला कोणीतरी सांगितलं, नुसती सही कर, बाकी आम्ही बघतो. आता यंत्रावर एकाखाली एक दोन सारखी नावं येणार, फरक फक्त बापाच्या नावाचा, आणि म्हाताऱ्या बायका कुठलं बटण दाबणार ते देवच जाणे.

"चिन्ह असतंच की," नात म्हणाली.

"मला नारळ मिळाला तर त्याला फणस मिळणार. ऐंशीच्या बाईला दोन्ही सारखेच दिसतात."

"मला दिसतात वेगळे," मी म्हटलं.

"तू एकटीने मत देऊन मी निवडून येणार आहे का, आई?"

मित्रांनी उपाय आधीच काढला होता. निवडणूक अधिकाऱ्यांना लेखी द्यायचं की मी गावात अमुक नावाने ओळखला जातो, ते नाव पुढे जोडा. उर्फ जॉर्ज. आमच्या सगळ्या किनाऱ्यावर, आगरदांड्यापासून खाली, दुसरा हिंदू जॉर्ज मिळणं शक्य नव्हतं. रिसॉर्टवाल्याने जंग जंग पछाडलं असतं तरी.

"मी देणार नाही," मुलगा म्हणाला.

"का?" मी विचारलं. आवाजात थोडा आनंद होता, तो लपला नाही. माझं नाव कामाला येत होतं ना.

त्याने माझ्याकडे बघितलं. "आई, आयुष्यभर ऐकलं. शाळेत ऐकलं, लग्नात भटजींनी विचारलं की मुलगा ख्रिस्ती आहे का. मी काही बोललो नाही. पण निदान एकदा तरी मला माझ्या नावाने मत पडू दे."

दरवाजात सून उभी होती. लग्नापासून 'जॉर्जवहिनी' हे ऐकून घेणारी बाई. ती शांतपणे म्हणाली, "खालच्या विहिरीचं पाणी आज चहाला घेतलं, चहा फाटला. त्या पाण्याला तुमचं कुठलं नाव सांगू?"

तो उठला, आत गेला, सदरा बदलून परत तालुक्याला गेला.

तिथली गंमत मला त्याच्या मित्राने सांगितली. अधिकारी बाहेरगावचे, तरुण. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "हे नाव तुमचं आहे हे कशावरून?" मुलगा म्हणाला, "दुर्दैवाने आहे." अधिकाऱ्यांनी शिपायाला बोलावलं. "यांना ओळखतोस?" शिपाई म्हणाला, "जॉर्जशेट ना? त्यांना कोन न्हाय ओळखत? पन साहेब, हे वरचं नाव कोनाचं लिवलंय?"

मग प्रचाराची खरी धमाल. रिसॉर्टवाला नाक्यावर बोलला, "गोरे गेले, आता यांचा जॉर्ज राज्य करणार का?" हा माणूस मुलांना वाढदिवसाला केक भरवतो आणि त्याच्या कुत्र्याचं नाव चार्ली आहे. मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी देवळाच्या पारावर गेले, काठी आपटली आणि बायकांना नावाचा अर्थ सांगायला लागले. ग्रीक भाषा, माती, कसणारा, सगळं. मला वाटलं टाळ्या पडतील. फोनवरून मिळालेलं ज्ञान, पण कॉलेजातला उच्चार अजून शाबूत होता.

समोर टोपली घेऊन बसलेली कोळीण म्हणाली, "अर्थबिर्थ ऱ्हाऊ दे आजे. त्याच्या पायाला चिखल हाय तो दिसतोय की रोज. आमाला काय डोले न्हाय?" आणि बाजूच्या बाईला म्हणाली, "म्हातारी पन येडीच हाय."

झालं माझं भाषण.

तो निवडून आला. थोड्या मतांनी, पण आला. रिक्षावाल्याला जी मतं पडली, तेवढीच आणखी आमच्यातून गेली असती तर संपलंच होतं. गुलाल उधळत मिरवणूक वाडीच्या दारापर्यंत आली आणि सगळा गाव एका सुरात 'जॉर्ज, जॉर्ज' ओरडत होता. मला सासऱ्यांची आठवण झाली. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, खादीच्या टोपीतला. तो मी त्या दिवशी पाठमोरा करून ठेवला. त्यांचं कशाला उगाच रक्त आटवा.

मिरवणुकीत मुलगा हसत होता, हात जोडत होता. पण मी त्याची आई आहे, मूर्ख असले तरी. घोषणा झाली की त्याच्या डाव्या गालाला जरासा चिमटा बसल्यासारखं होई. तो शाळेपासून आहे.

पंचायतीने बांधाचं काम पावसाच्या आधी सुरू केलं. एक दिवस मी ठरवलं की बघून यावं. थर्मासात चहा घेतला, गोड पाण्याचा, आणि रिक्षा बोलावली. रिक्षा कोणाची, तर त्याच बापड्या उमेदवाराची. वाटेत तो तीनदा म्हणाला, "आजी, मला काय ठाव नव्हतं हो, सही कर म्हनाले, केली." मी म्हटलं, "गप्प चालव, माझ्या गुडघ्यांना खड्डे लागतायत."

बांधावर जेसीबी दगड टाकत होता. मुलगा खाली खाडीच्या चिखलात उभा राहून हातवारे करत होता, माझ्याकडे पाठ. मी काठावर उभी राहिले. खूप दिवस मनात होतं ते तेव्हा केलं. नणंदेने पाळण्यात त्याच्या कानात सांगितलं होतं ते नाव घेऊन मी त्याला हाक मारली. मोठ्याने. माझ्या तोंडून ते नाव हाकेसाठी पहिल्यांदाच निघत होतं, जीभ जरा अडखळली.

तो वळला नाही.

मी पुन्हा हाक मारली, बंदरापर्यंत जाईल अशी.

"काय आजी?" मागून रिक्षावाला म्हणाला. "थांबू ना मी?"

मी त्याच्याकडे बघितलंही नाही. थर्मास दगडावर ठेवला, पदर खोचला आणि कॉलेजातल्या त्या बिनडोक मुलीच्या आवाजात ओरडले, "जॉर्ज!"

तो लगेच वळला. गुडघ्यापर्यंत चिखल, टकलावर चिखल, कपाळाला आठ्या. "आलो ना," तो म्हणाला. "सबंध गावाला ऐकवायलाच हवं का गं?"